कोळसा खाणीत नव्याने रुजू होणाऱ्यांसाठी: पहिल्या पाळीपासून इजेच्या नोंदीपर्यंत

चंद्रपूर, घुग्घुस, माजरी, वणी, बल्लारपूर किंवा उमरेड या पट्ट्यात आज जो तरुण खाणीत कामाला लागतो, तो बहुतेक वेळा कोळसा कंपनीच्या थेट रोलवर नसतो. ओबी, म्हणजे कोळशाच्या थरावरची माती आणि दगड, उचलण्याचे कंत्राट ज्याने घेतले आहे त्या ठेकेदाराकडे तो हेल्पर, डंपर चालक, फिटर किंवा ड्रिलवरचा मदतनीस म्हणून रुजू होतो. अशा नव्या माणसासाठी हा लेख आहे. मी या पट्ट्यातील उघड्या आणि भूमिगत अशा दोन्ही प्रकारच्या खाणींत ओव्हरमन, म्हणजे पाळीतल्या कामावर आणि सुरक्षेवर देखरेख ठेवणारा, म्हणून २२ वर्षे काढली. या काळात नव्या माणसाचे सर्वांत मोठे नुकसान मी दोनच ठिकाणी होताना पाहिले: ज्या जागी तो कोणाला दिसत नाही तिथे, आणि ज्या वहीत त्याचे नाव नसते तिथे. पुढच्या बहुतेक सूचना या दोन गोष्टींभोवतीच फिरतात.

कायद्याबद्दल एवढेच आधी सांगून ठेवतो. अनेक दशके खाणींचा कारभार खाण अधिनियम, १९५२ खाली चालत आला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याची जागा व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहिता, २०२० ने घेतली आहे, आणि अपघात भरपाईचा १९२३ चा कायदाही सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये सामावला गेला आहे. जुने नियम नव्या संहितेशी विसंगत नसतील तिथे संक्रमणकाळात चालू ठेवले आहेत. खाणीतल्या बोलण्यात अजून ‘माइन्स अॅक्ट’, ‘बी फॉर्म’ आणि ‘डीजीएमएस’ हेच शब्द ऐकू येतात, म्हणून मीही तेच वापरले आहेत. डीजीएमएस म्हणजे खाण सुरक्षा महासंचालनालय. त्याचे मुख्यालय धनबादला आहे आणि आपल्या भागासाठी त्याचे कार्यालय नागपुरात आहे.

खाणीत उतरण्याआधी

पहिले काम वैद्यकीय तपासणीचे, जिला सगळे आयएमई म्हणतात. ही तपासणी नोकरी मिळवण्यासाठीची एक अडचण आहे असे समजून नवी मुले ती कशीबशी उरकतात आणि ऐकू कमी येत असले तरी ‘सगळे ठीक’ असे सांगून मोकळी होतात. वास्तविक छातीचा एक्स-रे आणि कानांची चाचणी यांचे त्या दिवशीचे निष्कर्ष हा तुमचा स्वतःचा पुरावा असतो, कारण १५ वर्षांनी फुप्फुसात धूळ बसल्याचे किंवा ऐकू येणे कमी झाल्याचे निष्पन्न झाले, तर रुजू होताना तुम्ही कसे होता हे सांगणारा दुसरा कोणताही कागद नसतो. सिलिकोसिस, कोळशाच्या धुळीने होणारा न्यूमोकोनिओसिस आणि आवाजाने येणारे बहिरेपण हे खाणीतले अधिसूचित आजार आहेत. भंडारा आणि नागपूर जिल्ह्यांत मँगनीजच्या खाणीत जाणाऱ्यांसाठी मँगनीजची विषबाधाही त्याच यादीत आहे, आणि ती मज्जासंस्थेवर परिणाम करते. ही तपासणी पुढे ठरावीक मुदतीने, साधारणतः दर ५ वर्षांनी, पुन्हा व्हायला हवी. तिला पीएमई म्हणतात.

दुसरे काम प्रशिक्षणाचे. व्हीटीसीत, म्हणजे व्यावसायिक प्रशिक्षण केंद्रात, ठरलेले दिवस पूर्ण केल्याशिवाय आणि प्रमाणपत्र मिळाल्याशिवाय नव्या माणसाला कामावर लावता येत नाही. १९६६ च्या प्रशिक्षण नियमांपासून हे असेच आहे. ‘गाडी रिकामी उभी आहे, आज चालव, व्हीटीसी पुढच्या महिन्यात करून घेऊ’ असे कोणी म्हणाले, तर समजून घ्या की त्या महिन्याभरात तुम्हाला काही झाल्यास तुम्ही खाणीत होता हेच सिद्ध करणे अवघड होईल. हलक्या गाडीचा किंवा ट्रकचा परवाना असणे म्हणजे डंपर चालवण्याची परवानगी असणे नव्हे. खाणीतले यंत्र चालवण्यासाठी त्या यंत्रावरची चाचणी आणि खाण व्यवस्थापकाचे लेखी अधिकारपत्र लागते.

तिसरे काम वह्यांचे. बी फॉर्म, म्हणजे कामगारांची नोंदवही, यात तुमचे नाव, वय, पद आणि वारसाचे नाव काय लिहिले आहे ते स्वतः वाचून घ्या. मी ‘वाचून’ हा शब्द मुद्दाम वापरतो आहे, कारण आडनावाचे स्पेलिंग किंवा जन्मवर्ष चुकलेली नोंद पुढे भरपाईच्या वेळी कुटुंबाला महिनोन्महिने फिरवते. बी फॉर्मचा क्रमांक, कोळसा खाण भविष्य निर्वाह निधीचा क्रमांक, व्हीटीसीचे प्रमाणपत्र, वैद्यकीय तपासणीचा कागद आणि ओळखपत्र या सगळ्यांचे फोटो मोबाइलमध्ये ठेवा आणि एकेक प्रत घरीही ठेवा.

हेल्मेट, बूट आणि जॅकेट

ही साधने मालकाने मोफत द्यायची असतात. पगारातून त्यांचे पैसे कापले जात असतील तर ते चूक आहे. हेल्मेटचा हनुवटीखालचा पट्टा लावला नसेल, तर वाकून काम करताना पहिल्यांदा हेल्मेट पडते आणि नंतर डोक्याला लागते. जॅकेट आठवड्यातून एकदा तरी धुवा. कोळशाची धूळ बसलेली चमकपट्टी रात्रपाळीत डंपरच्या दिव्यात काळीच दिसते, आणि मग त्या जॅकेटचा उपयोग फक्त थंडीपुरता उरतो.

पाळी सुरू होताना

पाळीच्या सुरुवातीला जी पाच-दहा मिनिटांची सभा होते, ती ऐकणे हा कामाचाच भाग समजा. त्या सभेतून तुम्हाला चार गोष्टी कळायला हव्यात: आज तुमचा वरिष्ठ कोण आहे, ब्लास्टिंग कुठे आणि किती वाजता आहे, हॉल रोडचा, म्हणजे डंपर ये-जा करतात त्या खाणीतल्या रस्त्याचा, कुठला भाग बंद आहे किंवा बदलला आहे, आणि प्रथमोपचाराची पेटी व अॅम्ब्युलन्स कुठे उभी आहे. यांपैकी एखादी गोष्ट कोणी सांगितली नाही, तर हात वर करून विचारा. नवा माणूस विचारतो तेव्हा जुने हसतात. मीही हसलो आहे, पण त्या प्रश्नामुळे मलाच सुटलेली गोष्ट आठवल्याचे प्रसंग काही कमी नाहीत.

हजेरी लागल्याशिवाय खाणीत जाऊ नका आणि पाळी संपल्यावर बाहेर पडल्याची नोंद केल्याशिवाय घरी जाऊ नका. दुसऱ्याच्या नावावर काम करणे हा प्रकार कधीकधी चालतो, आणि त्यातून दोन-चारशे रुपयांचा फायदाही होतो. परंतु अशा दिवशी अपघात झाला तर खाणीच्या कागदांत जो माणूस जखमी झाला तो तुम्ही नसता.

डंपर: ज्याला तुम्ही दिसत नाही

उघड्या खाणीत नव्या माणसाने सगळ्यांत जास्त भीती कशाची बाळगावी, असे मला कोणी विचारले तर मी स्फोटाचे किंवा दरडीचे नाव घेणार नाही, डंपरचे घेईन. आमच्याकडे प्रशिक्षणाच्या वेळी एक साधा प्रयोग करत असू. १०० टनी डंपर बंद करून उभा करायचा, नव्या मुलाला शिडीने वर चढवून चालकाच्या खुर्चीत बसवायचे, आणि खाली एक बोलेरो उभ्या डंपरच्या उजव्या अंगाने अगदी जवळून पुढे आणून थांबवायची. मग मुलाला विचारायचे, गाडी कुठे आहे? तो आरशात पाहतो, खिडकीतून मान बाहेर काढतो, आणि म्हणतो, ‘गेली वाटते.’ गाडी त्याच्या पुढच्या चाकाला चिकटून उभी असते. एकदा एका मुलाने खाली उतरल्यावर त्या जागेवर स्वतः उभे राहून वर पाहिले. त्याला फक्त रेडिएटरची जाळी आणि आकाश दिसले, चालकाची केबिन दिसली नाही. त्यानंतर त्याला काही समजावून सांगावे लागले नाही.

यावरून निघणारे नियम असे आहेत. डंपर, शॉवेल (माती-कोळसा उचलणारे यंत्र) किंवा डोझर यांच्याजवळ जायचे असेल तर चालकाची नजर आपल्यावर पडली आहे आणि त्याने हात किंवा हॉर्नने होकार दिला आहे, याची खात्री झाल्याशिवाय पुढे जाऊ नये. चालू यंत्राच्या मागून कधीही जाऊ नये, मग उलट जाताना वाजणारा भोंगा ऐकू येत असो वा नसो, कारण धुळीने भरलेले ते भोंगे निम्म्या वेळा मुके असतात. उभ्या डंपरच्या सावलीत बसून डबा खाणे किंवा दुपारी डुलकी काढणे हे मे महिन्यात फार स्वाभाविक वाटते, आणि नेमके तेच जीवघेणे ठरते; सावलीसाठी विश्रांतीगृह असते, ते दूर असेल तर तेवढे चालावे. शॉवेलच्या फिरण्याच्या घेऱ्यात, म्हणजे तिची शेपूट जिथपर्यंत फिरते तिथे, कोणीही उभे राहू नये.

चालकांसाठी काही गोष्टी वेगळ्या. पाळी घेताना ब्रेक, पार्किंग ब्रेक, स्टिअरिंग, हॉर्न, उलट जातानाचा भोंगा आणि दिवे स्वतः तपासा आणि दोष असेल तर तो लॉगबुकात लिहा. तोंडी सांगितलेला दोष अपघातानंतर कोणालाच आठवत नाही. गाडी सुरू करण्याआधी एक हॉर्न, पुढे जाण्याआधी दोन आणि मागे घेण्याआधी तीन हॉर्न अशी पद्धत बहुतेक ठिकाणी असते. तुमच्या खाणीत नेमकी कोणती आहे ते पहिल्या दिवशी विचारून घ्या. हॉल रोडचा चढ साधारणपणे १६ ला १ (म्हणजे १६ मीटर पुढे जाताना १ मीटर वर) पेक्षा जास्त नसावा, आणि रस्त्याच्या मोकळ्या कडेला मातीचा बांध असावा, ज्याची उंची तिथल्या सर्वांत मोठ्या गाडीच्या टायरच्या व्यासापेक्षा कमी नसावी. कडेचा बांध गुडघ्याएवढाच राहिलेला दिसला, तर तिथे गाडी रिकामी करायला जाण्याआधी सुपरवायझरला सांगा. तो बांध गाडी थांबवण्यासाठी टेकवायचा नसून कड कुठे आहे ते दाखवण्यासाठी असतो, हेही लक्षात ठेवा.

फिटर आणि हेल्पर यांनी वर उचललेल्या डंपर बॉडीखाली तिची सेफ्टी पिन किंवा दोर लावल्याशिवाय शिरू नये. हायड्रॉलिकची नळी फुटली की ती बॉडी खाली यायला काही क्षण पुरतात. पट्ट्यावर, म्हणजे कन्व्हेयरवर, किंवा विजेच्या यंत्रावर काम करायचे असेल तर लेखी शटडाऊन घ्यावा, स्विचला स्वतःचे कुलूप लावावे आणि त्याची किल्ली स्वतःच्या खिशात ठेवावी. ‘मी उभा आहे ना स्विचजवळ, तू कर’ ही मैत्री इथे चालत नाही, कारण स्विचजवळचा मित्र चहाला जातो.

बेंच, डम्प आणि पावसाळा

आपल्या भागात कोळशावर काळ्या मातीचा जाड थर असतो, जो उन्हाळ्यात दगडासारखा कडक होऊन भेगाळतो आणि पावसात त्या भेगांतून पाणी शिरले की साबणासारखा सरकू लागतो. त्यामुळे जून ते सप्टेंबर या काळात बेंचच्या, म्हणजे खाणीत कापलेल्या मोठ्या पायऱ्यांच्या, कडेवर आणि ओबीच्या डम्पवर, म्हणजे टाकलेल्या मातीच्या ढिगावर, डोळे उघडे ठेवून वावरावे लागते. काठाला समांतर जाणारी नवी भेग, पायथ्याशी फुगलेली माती, अचानक झिरपू लागलेले पाणी, वरून सुटत राहणारे छोटे खडे ही दरड कोसळण्याआधीची बोलकी लक्षणे आहेत. असे काही दिसले तर आधी स्वतः बाजूला व्हा, इतरांना हटवा आणि मग वरिष्ठाला कळवा, याच क्रमाने. झारखंडमधील राजमहल प्रकल्पाच्या लालमाटिया येथील उघड्या खाणीत २९ डिसेंबर २०१६ रोजी डम्प आणि उतार खचून २३ कामगार गाडले गेले. उघडी खाण म्हणजे भूमिगत खाणीपेक्षा सुरक्षित, हा समज ज्यांच्या मनात असतो त्यांना मी नेहमी त्या तारखेची आठवण करून देतो.

पाण्याचेही तसेच आहे. वर्धा, इरई आणि पैनगंगा या नद्यांच्या काठाने आपल्या अनेक खाणी आहेत. खाणीचे तोंड पुराच्या ज्ञात सर्वोच्च पातळीपेक्षा किमान १.५ मीटर उंच असावे, असा नियम आहे. भूमिगत खाणीत जुन्या, पाण्याने भरलेल्या कामांचा धोका याहून मोठा असतो. नागपूरपासून फार लांब नसलेल्या छिंदवाडा जिल्ह्यातील न्यूटन चिखली खाणीत १० डिसेंबर १९५४ रोजी पाणी घुसून ६३ जण गेले, आणि धनबादजवळच्या चासनाला येथे २७ डिसेंबर १९७५ रोजी ३७५ जण. म्हणूनच भिंतीतून नवे पाणी पाझरताना दिसले, विशेषतः ते दुर्गंधीयुक्त किंवा गढूळ असेल, तर ‘पावसाचे असेल’ असे म्हणून पुढे जाऊ नये.

ब्लास्टिंगच्या वेळी

उघड्या कोळसा खाणीत स्फोटाच्या जागेपासून ५०० मीटरपर्यंतचा भाग धोक्याचा मानला जातो. पहिला भोंगा वाजला की हातातले काम जिथल्या तिथे सोडून ठरवून दिलेल्या आडोशाला जा. पाना, डबा, मोबाइल काहीही आणायला परत फिरू नका. आडोसा म्हणजे मजबूत छप्पर असलेली जागा. गाडीच्या मागे उभे राहणे आडोशात मोडत नाही, कारण उडालेला दगड वरून येतो. ‘सर्व ठीक’चा भोंगा ब्लास्टिंग अधिकाऱ्याने जागा तपासल्यानंतरच होतो, आणि तोपर्यंत आवाज येऊन गेला तरी हलायचे नाही. मातीत न फुटलेले काडतूस, तार किंवा डिटोनेटर दिसले तर हात लावू नका, खूण करा, तिथे माणूस उभा करा आणि कळवा. ड्रिलवर असाल तर जुन्या छिद्राच्या उरलेल्या तळात पुन्हा छिद्र पाडणे सक्त मना आहे. त्या तळात न फुटलेला दारूगोळा असू शकतो.

भूमिगत खाणीत जाणार असाल तर

भूमिगत खाणींची संख्या आता घटली आहे, त्यामुळे थोडक्यात सांगतो. बत्तीघरातून कॅप लॅम्प आणि सेल्फ रेस्क्यूअर (विषारी वायूत बाहेर पडेपर्यंत श्वास घेता यावा यासाठीचे साधन) घेतल्याशिवाय आणि आपला टोकन दिल्याशिवाय उतरायचे नाही. बाहेर आल्यावर टोकन घ्यायचा, कारण शोधमोहीम त्या टोकनांच्या मोजणीवर चालते. विडी, काडेपेटी, लायटर आणि मोबाइल वरच ठेवायचे. मिथेन हवेत ५ ते १५ टक्क्यांच्या दरम्यान असला की पेट घेतो. हवेत तो १.२५ टक्क्यांच्या वर गेला तर वीज बंद करून माणसे बाहेर काढायची असतात. गॅस मोजण्याचे काम सरदार (ओव्हरमनच्या हाताखाली कामाच्या जागेची सुरक्षा पाहणारा) आणि ओव्हरमन यांचे आहे, पण डोके जड होणे, धाप लागणे किंवा झोप येणे जाणवले तर ते सांगण्याचे काम तुमचे आहे. ज्या छताची चाचणी सरदाराने केलेली नाही आणि ज्याला आधार दिलेला नाही, त्याखाली पाऊल टाकू नका. काठीने ठोकल्यावर छत खणखणीत वाजले तर ठीक. ढबढब वाजले तर ते सुटलेले आहे, आणि ‘चाल’, म्हणजे हे छत, कोसळताना ती आधी इशारा देईलच असे नाही.

उन्हाळा

चंद्रपूरचा मे महिना कोणाला समजावून सांगायला नको. घाम बंद होणे, बरळणे, शरीर तापणे ही उष्माघाताची लक्षणे आहेत. अशा माणसाला सावलीत नेऊन कपडे सैल करा, अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि लगेच दवाखान्यात हलवा. शुद्ध नसलेल्याच्या तोंडात पाणी घालू नये. ओआरएसची पुडी नसेल तर १ लिटर स्वच्छ पाण्यात ६ लहान चमचे साखर आणि अर्धा लहान चमचा मीठ हे प्रमाण लक्षात ठेवा.

इजा झाल्यावरचा पहिला तास

धावत जखमीकडे जाण्याआधी क्षणभर थांबून त्याला कशाने लागले ते पाहा, कारण वीज, गॅस किंवा अजूनही सरकणारी दरड दुसऱ्यालाही घेऊन जाते. विजेचा धक्का बसलेल्या माणसाला प्रवाह बंद झाल्याची खात्री होईपर्यंत स्पर्श करू नये. रक्तस्राव होत असेल तर स्वच्छ कापड जखमेवर घट्ट दाबून धरा आणि ते भिजले तरी काढू नका, त्यावरच दुसरे ठेवा. भाजले असेल तर भाग २० मिनिटे वाहत्या थंड पाण्याखाली धरा. टूथपेस्ट, हळद, ग्रीस यांपैकी काही लावू नका. उंचावरून पडलेल्या किंवा गाडीखाली आलेल्या माणसाची मान आणि कणा न हलवता त्याला स्ट्रेचरवर घ्या. चौघांनी हातपाय धरून जीपमध्ये टाकणे हे मदतीच्या भावनेने केलेले, पण कायमचे अपंगत्व देणारे काम मी अनेकदा पाहिले आहे. श्वास थांबला असेल तर छातीच्या मध्यभागी मिनिटाला १०० ते १२० या गतीने, ५ ते ६ सेंटिमीटर खोल दाब द्या; शिकलेला माणूस असेल तर त्याने ३० दाबांनंतर २ श्वास द्यावेत. तुटलेले बोट सापडले तर ते स्वच्छ ओल्या कापडात गुंडाळून, पिशवीत बंद करून, ती पिशवी बर्फावर ठेवून जखमीसोबत पाठवा. बोट थेट बर्फात किंवा पाण्यात टाकू नका.

नोंद: जिथे बहुतेक जण चुकतात

काही वर्षांपूर्वी, ज्या खाणीचे नाव मी इथे घेणार नाही, तिथे ३० वर्षांच्या एका हेल्परची तर्जनी ट्रॉलीच्या झडपेत सापडली. जखम वरून लहान होती. सुपरवायझरने त्याच्याच रुमालाने पट्टी बांधली आणि म्हणाला, ‘भाऊ, काही होत नाही. घरी जा, हाजरी लावून देतो, कशाला कागदपत्र करतो?’ हाजरी खरोखरच लागली, चार दिवसांची. पाचव्या दिवशी बोट काळे पडले आणि तिसऱ्या आठवड्यात ते मुळापासून काढावे लागले. त्याने भरपाई मागितली तेव्हा वहीत त्या तारखेला अपघात नव्हता. उलट तो त्या चारही दिवशी कामावर होता अशी त्याच्याच नावाची हजेरी होती. फुकट मिळालेल्या चार दिवसांच्या मजुरीने त्याचा सगळा पुरावा पुसून टाकला होता. मी त्या पाळीत होतो, आणि संध्याकाळी मी त्याच्या बोटाकडे पाहिले होते, हेही इथे नमूद करणे भाग आहे.

म्हणून इजा कितीही लहान असली तरी ती त्याच पाळीत अपघात नोंदवहीत लिहून घ्या. नियमांच्या भाषेत इजांचे वर्ग कामावरून राहाव्या लागलेल्या वेळेवर ठरतात. २४ तासांपेक्षा जास्त पण ७२ तासांपेक्षा कमी काळ घरी बसवणारी ती किरकोळ इजा. ७२ तास किंवा जास्त काळ बसवणारी ती कळवण्याजोगी इजा. एखादा अवयव किंवा त्याचा भाग कायमचा जाणे, दृष्टी किंवा श्रवण कायमचे बिघडणे, किंवा बोटाच्या पेरासह कोणतेही हाड मोडणे ही गंभीर शारीरिक इजा. आता ‘हाजरी लावून देतो’ या औदार्याचे कारण लक्षात येईल: कागदावर तुम्ही कामावर असाल तर ७२ तास कधीच भरत नाहीत.

नोंद करताना तारीख, वेळ, नेमकी जागा, यंत्राचा क्रमांक, काय करत असताना लागले आणि कोणी पाहिले, एवढे आलेच पाहिजे. दवाखान्यात डॉक्टरला ‘पडलो’ किंवा ‘घरी लागले’ असे कोणाच्याही सांगण्यावरून सांगू नका. ‘अमुक खाणीत अमुक यंत्रावर काम करताना लागले’ हे वाक्य केसपेपरवर आले आहे का ते वाचा. मृत्यू किंवा गंभीर इजेच्या घटनेत डीजीएमएसच्या निरीक्षकाने पाहणी करेपर्यंत किंवा परवानगी देईपर्यंत जागा जशीच्या तशी ठेवायची असते. जखमींची सुटका आणि पुढचा धोका टाळणे एवढ्यासाठीच ती हलवता येते. कोणी घाईने रस्ता झाडून घ्यायला सांगू लागले तर तुम्ही ते काम अंगावर घेऊ नका.

धोका आधीच दिसत असेल तर काय करावे, हेही इथेच सांगतो. १०० पेक्षा जास्त कामगार असलेल्या खाणीत सुरक्षा समिती असते, आणि ५०० किंवा त्याहून अधिक कामगार असतील तर कामगार निरीक्षकही असतात, खाणकाम, यंत्रे आणि वीज यांसाठी एकेक. ते कामगारांमधूनच आलेले असतात आणि बहुधा तुमच्याच बोलीत बोलतात. त्यांची नावे पहिल्या आठवड्यात माहीत करून घ्या. नव्या संहितेनुसार जीवाला किंवा शरीराला तातडीचा गंभीर धोका आहे असे वाजवी कारणाने वाटल्यास कामगार ते मालकाच्या नजरेस थेट किंवा समितीच्या सदस्यामार्फत आणू शकतो, त्याच वेळी निरीक्षकालाही कळवू शकतो, आणि मालकाने त्यावर लगेच उपाय करायचा असतो. ही सूचना लेखी असावी. मोबाइलवरचा संदेशही तोंडी बोलण्यापेक्षा बरा.

भरपाईचा हिशेब

ठेकेदाराकडे काम करत असलात तरी मूळ खाणमालकाकडूनही भरपाई मागता येते. ठेकेदार गाव सोडून गेला म्हणून दावा बुडत नाही. उपचाराचा प्रत्यक्ष खर्चही मालकाने द्यायचा असतो. हिशेबाची रीत अशी: मृत्यू झाल्यास मासिक वेतनाच्या ५० टक्के आणि कायमचे पूर्ण अपंगत्व आल्यास ६० टक्के रकमेला वयानुसार ठरलेल्या गुणकाने गुणायचे. समजा हिशेबासाठी धरलेले वेतन १५,००० रुपये आहे आणि वय ३० आहे. या वयाचा गुणक २०७.९८ आहे. मग मृत्यूची भरपाई १५,५९,८५० रुपये आणि पूर्ण अपंगत्वाची १८,७१,८२० रुपये होते. अंशतः अपंगत्वासाठी या दुसऱ्या रकमेची ठरावीक टक्केवारी मिळते: अंगठा गेल्यास ३० टक्के, संपूर्ण तर्जनी गेल्यास १४ टक्के. वर सांगितलेल्या हेल्परच्या चार दिवसांच्या हाजरीसमोर ही १४ टक्क्यांची रक्कम, म्हणजे सुमारे २ लाख ६२ हजार रुपये, ठेवून पाहा. कंपनी जी सानुग्रह मदत देते ती याहून वेगळी असते; एक दिली म्हणून दुसरी टळत नाही.

एका गोष्टीत मात्र कायदा कामगारालाही मोकळे सोडत नाही. दारूच्या नशेत असताना, स्पष्ट सुरक्षा नियम जाणूनबुजून मोडल्यामुळे, किंवा सुरक्षेचे साधन मुद्दाम काढून टाकल्यामुळे इजा झाली, तर मृत्यू किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व वगळता भरपाई नाकारता येते. पट्ट्यावरची जाळी काढून काम करायला कोणी सांगितले असेल तर ते कोणी सांगितले, याचीही नोंद म्हणूनच हवी.

देय झाल्यापासून एक महिन्यात भरपाई जमा झाली नाही तर तिच्यावर व्याज लागते, आणि विलंबाला सबळ कारण नसेल तर दंडही. कोऱ्या कागदावर किंवा न वाचलेल्या समझोत्यावर सही करू नका. युनियनच्या प्रतिनिधीला किंवा वकिलाला तो आधी दाखवा. बरे झाल्यावर कामावर परतताना डॉक्टरचे फिटनेस प्रमाणपत्र घ्या, आणि हात किंवा पाय पूर्वीसारखा चालत नसेल तर तसे त्यावर लिहून मागा, म्हणजे तुम्हाला पुन्हा त्याच यंत्रावर उभे करता येणार नाही.

आणि घरच्यांना दोन गोष्टी आजच सांगून ठेवा: कागदांची पिशवी कुठल्या पेटीत आहे, आणि तुम्ही नेमक्या कोणत्या खाणीत, कोणत्या ठेकेदाराकडे, कोणत्या पाळीला जाता. ‘ते खाणीत जातात’ एवढेच ज्या घराला माहीत असते, त्या घरच्या बाईला मी एकदा रात्री दोन वाजता तीन खाणींच्या फाटकांवर नवऱ्याचे नाव विचारत फिरताना पाहिले आहे.